उतार कोणाचा?

मुंबई-पुणे सायकल शर्यतीची ज्यांना सवय आहे त्यांना ‘घाटाचा राजा’ हा किताब ठाऊक असेल. बोरघाट जो सर्वांत आधी चढून जाईल त्याचा हा मान. पुण्यात तो पहिला आला की सातवा, हा प्रश्न वेगळा. घाटाचा राजा तो घाटाचा राजा. घाट उतरणाऱ्यालाही एखादा किताब द्यावा, असे मात्र आपल्याकडे कोणाला कधी सुचले नाही. चढायला दम लागतो. उतरायला काय लागते? सायकल आपली आपण जाते, अशी आपली सरळ समजूत. भाषाही या समजुतीला साथ देते. चढता काळ म्हणजे भरभराट आणि उतरती कळा म्हणजे काय, ते सांगायला नको. साठी ओलांडलेल्या माणसाच्या वयालाही आपण ‘उतारवय’ म्हणतो, आणि त्याने आता जपून चालावे, अशी अपेक्षा ठेवतो.

उतारावर जपून चालण्याऐवजी घड्याळ लावून सायकल सोडायची, आणि जो सर्वांत कमी वेळात खाली येईल तो विजेता, असा एक खेळ आता जगात पन्नास वर्षांचा होत आला आहे. त्याला डाउनहिल म्हणतात. माउंटन बाइक या जाड टायरच्या, मजबूत सांगाड्याच्या सायकलीचा हा सर्वांत उग्र प्रकार. आपल्या महाराष्ट्रात, विशेषतः पुण्याच्या आसपास, तो खेळणारी मुले आहेत. मुंबईच्या उपनगरांतही अशा सायकली दिसू लागून बरीच वर्षे झाली. सुटीच्या दिवशी पहाटे बोरिवलीच्या बाजूच्या गोराई जेट्टीवर गेले तर खाडी ओलांडणाऱ्या बोटीत कोळणींच्या टोपल्यांशेजारी या सायकली दिसतात. पलीकडे गोराई, मनोरी, उत्तन असा फेरफटका मारून मंडळी उन्हे वर यायच्या आत परततात. रस्ता बहुतेक सपाट, समुद्राची हवा, नारळ-ताडाची सावली. पण डोंगरासाठी घडवलेली ही सायकल सपाट डांबरावर चालवणे म्हणजे शिकारी कुत्र्याला साखळीने बांधून बागेत फिरवणे. मुलांना उतार हवा आहे. आणि उपनगरांत उतार कोणाचा आहे, हा प्रश्न खेळाच्या पानावर मावणारा नाही.

आधी खेळाविषयी थोडे. कारण याला ‘जिवावर उदार झालेल्या पोरांचा धिंगाणा’ म्हणून मोडीत काढणे सोपे आहे, आणि तसे ते काढलेही जाते.

कॅलिफोर्नियातल्या मॅरिन परगण्यात, फेअरफॅक्स गावाजवळच्या एका मातीच्या उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही मित्रांनी पहिली शर्यत लावली. सायकली नव्या नव्हत्या. तिसऱ्या-चौथ्या दशकातल्या, जाड टायरच्या, भंगारातून उचललेल्या. ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात, पेडल उलटे दाबले की लागणारा. साडेतीन किलोमीटरच्या आत सुमारे चारशे मीटर खाली यायचे म्हटल्यावर तो ब्रेक इतका तापे की तुंब्यातले ग्रीस जळून धूर निघे, आणि दर फेरीनंतर तुंबा उघडून त्यात पुन्हा ग्रीस भरावे लागे. या पुन्हा भरण्यावरूनच त्या उताराला ‘रिपॅक’ हे नाव पडले. चार्ली केली, जो ब्रीझ, गॅरी फिशर ही त्या टोळक्यातली नावे. गॅरी फिशरने नोंदवलेली ४ मिनिटे २२ सेकंदांची वेळ अजून सांगितली जाते. याच टोळक्याने पुढे नव्या सायकली घडवल्या, आणि त्यातून जगभरचा एक उद्योग उभा राहिला. आज आपल्या बोरिवली-दहिसरच्या दुकानांत टांगलेल्या सायकलींचे मूळ त्या धुरात आहे.

१९९० साली अमेरिकेतल्या दुरँगो इथे या खेळाची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. तेव्हापासून नियम पक्के होत गेले. स्पर्धक एकामागून एक, ठरावीक अंतराने सोडतात. म्हणजे धक्काबुक्की नाही, प्रत्येकाची लढत घड्याळाशी. फेरी साधारण दोन ते पाच मिनिटांची. तोंड झाकणारे हेल्मेट सक्तीचे. वाटेवर ठिकठिकाणी पंच उभे, एकाला दुसरा दिसेल अशा बेताने. वर कोणी पडला तर खालून निशाण दिसते आणि मागचा थांबतो. डॉक्टर आणि रुग्णवाहिका यांच्यावाचून स्पर्धा सुरूच करता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सायकलवर बसण्याआधी स्पर्धक ती वाट पायी चालून पाहतात. कुठला दगड ओला राहतो, कुठल्या मुळावर चाक आडवे गेले तर निसटेल, कुठल्या वळणाला बाहेरून शिरून आतून निघायचे, कुठे ब्रेक लावायचा आणि कुठे बोटही लावायचे नाही. उत्तम स्पर्धक ब्रेक कमी लावतो असे नव्हे. तो योग्य जागी लावतो, आणि ती जागा त्याला आधीपासून पाठ असते. स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यमच्या प्रसिद्ध वाटेवर २.८ किलोमीटरमध्ये ५५५ मीटर उतार आहे. तिथे साडेचार-पावणेपाच मिनिटांत खाली येणारा माणूस डोळे मिटून येत नाही. बेदरकार माणूस या खेळात फार दिवस टिकत नाही.

तेव्हा हा खेळ आहे, आणि नियमांनी बांधलेला खेळ आहे. मग आपल्याकडे तो कुठे अडतो?

पहिले उत्तर पैसे. ते खरे आहे, पण अपुरे आहे. पुढे-मागे दोन्हीकडे धक्के शोषणारी, आठ-आठ इंच दबणारी शर्यतीची सायकल काही लाखांना पडते. हे ऐकून मध्यमवर्गीय बाप पेपर बाजूला ठेवतो. पण पुण्यात प्रवीण प्रभाकरन आणि विनय मेनन या दोघांनी ‘सायनाइड’ या नावाने याच देशातल्या उडाणटप्पू वाटांसाठी सांगाडे घडवून दाखवले. पोरे जुनी सायकल घेतात, सुटे भाग गोळा करतात, वेल्डिंगवाल्याकडे बसून राहतात. हौस असली की सायकलीचे जमते. उताराचे जमत नाही. उतार उधारीवर मिळत नाही.

दुसरे उत्तर सरकारी. ऑलिम्पिकमध्ये माउंटन बाइकचा क्रॉस-कंट्री हा प्रकार १९९६ च्या अटलांटा स्पर्धेपासून आहे; डाउनहिल कधीच नव्हता. आणि आपल्या क्रीडाखात्यांची नजर पदकतक्त्याच्या पलीकडे जात नाही. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धांत डाउनहिलचा समावेश झाला, आणि स्त्री-पुरुष दोन्ही सुवर्णपदके यजमान इंडोनेशियाने नेली. कशी नेली? त्यांनी आधी वाटा तयार केल्या, मग मुले तयार झाली. पुढच्या हांगझोच्या स्पर्धांतून हा प्रकार वगळला गेला, आणि आपल्याकडच्या ज्या कोणा अधिकाऱ्याच्या टेबलावर या विषयाची फाइल असेल ती पुन्हा खाली गेली असणार. अपवाद म्हणून केरळचे नाव घ्यायला हवे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आशियाई माउंटन बाइक अजिंक्यपद स्पर्धा तिरुवनंतपुरमजवळ पोनमुडीच्या डोंगरात झाली. त्यासाठी त्या राज्याने डोंगरातली एक जागा ठरवली आणि वाट घडवली. आपल्याकडे जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय दर्जाची ४३७ किलोमीटरची रस्ता-सायकल शर्यत झाली. तिच्या निमित्ताने वर्षानुवर्षे खड्ड्यांत गेलेले रस्ते चकचकीत झाले. ते उत्तमच. सायकलस्वार येऊन गेले तरी रस्ता गावाला राहतो. पण त्यातून एक गोष्ट दिसली: सायकलीसाठी जमीन नीट करायची शासनाने ठरवले तर ती नीट होते.

आता मुंबईच्या उपनगरांकडे येतो. इथे उतारांची वाण नाही. दहिसर-बोरिवलीपासून मुलुंड-भांडुपपर्यंत मधोमध डोंगरच डोंगर आहेत. बँकेच्या नोकरीत असताना जमिनीच्या कागदपत्रांशी माझा बराच संबंध आला. सातबाराचा उतारा हाती आला की आम्ही आधी भोगवटादाराचे नाव पाहत असू, मग इतर हक्कांचा रकाना. उपनगरांतल्या उतारांकडेही त्याच नजरेने पाहावे लागते.

सर्वांत मोठा भोगवटादार म्हणजे वनखाते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. शहराच्या पोटात बिबटे बाळगणारे असे जंगल जगात दुसरे दाखवणे अवघड. कान्हेरीच्या रस्त्याने सायकल चालवता येते, भाड्यानेही मिळते. पण रस्ता सोडून रानात सायकल घालणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आड येते, आणि माझ्या मते ते तसेच राहिले पाहिजे. काही सायकलप्रेमी म्हणतात, पायवाट आहेच, आम्ही गेलो तर काय बिघडते? बिघडते. एकाच रेषेवरून शंभर चाके ब्रेक लावत गेली की पहिल्या पावसात त्या रेषेची घळ होते, आणि बिबट्याला शर्यतीचे वेळापत्रक समजत नाही. ज्या मॅरिन परगण्यात हा खेळ जन्मला, तिथेही टॅमलपायस डोंगरावरच्या अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या. पायी चालणारे आणि सायकलवाले यांचे भांडण तिथे अजून मिटलेले नाही.

राष्ट्रीय उद्यानाबाहेरचे उतार कोणाचे? ते गरिबांचे. म्हणजे कागदावर नव्हे. कागदावर ते कलेक्टरचे, म्हाडाचे, एखाद्या जुन्या खोताच्या वारसांचे असतील. पण सपाट जमीन ज्यांना परवडली नाही ते लोक चढणीवर राहिले. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मालाडच्या टेकड्यांवर घरावर घर चढत गेले. या वस्त्यांना उतार म्हणजे काय ते पावसाळ्यात कळते. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझाद नगरात दरड कोसळून सत्तरहून अधिक माणसे गेली. १८ जुलै २०२१ च्या एका रात्रीत चेंबूरच्या भारत नगरात आणि विक्रोळीच्या सूर्यानगरात घरे गाडली गेली. तिथली आई आपल्या मुलाला उतारावर खेळायला पाठवत नाही. ती रात्री पावसाचा आवाज वाढला की त्याला उठवून बसवते. चिलीतल्या व्हालपारायसो शहरात २००३ पासून अशाच टेकडीवरच्या वस्तीतून, घरांच्या पायऱ्यांवरून, गल्लीबोळांतून डाउनहिलची शर्यत होते. तिची चित्रे पाहून आपल्याकडच्या कोणा उत्साही संयोजकाच्या मनात ‘असल्फाची टेकडी’ येऊ शकेल. रंगवलेली घरे, वरून कॅमेरा, खाली पुरस्कर्त्यांच्या कमानी. ज्या पायरीवरून रुग्णाला खाली आणायला चार माणसे लागतात, तिथे एका दिवसासाठी साहस आयात करायचे! तिथल्या लोकांनी मागितले तर गोष्ट वेगळी. पण त्यांची पहिली मागणी संरक्षक भिंतीची आहे.

उरतात जुन्या दगडखाणी. त्यांतल्या कित्येक पाण्याने भरल्या, कित्येक भराव टाकून बुजवल्या. सिंगापूरने पुलाव उबिन बेटावर जुन्या खाणीच्या परिसरात माउंटन बाइकसाठी जागा तयार केली आणि २००८ मध्ये ती खुली केली. आपल्याकडे खाण बंद पडली की तिचे पुढे काय, याचा विचार बांधकाम व्यावसायिक करतो, आणि तो लवकर करतो.

मग मुले जातात कुठे? जिथे कोणी हटकत नाही तिथे. आणि जिथे कोणी हटकत नाही तिथे पडल्यावर उचलायलाही कोणी नसते. खेळाच्या नियमपुस्तकात जे आहे, म्हणजे पंच, निशाण, डॉक्टर, पायी पाहणी, ते सर्व अधिकृत वाटेवरच शक्य आहे. चोरून वापरलेल्या वाटेवर पंच उभा करता येत नाही.

या ठिकाणी विम्याचा विषय काढतो. खेळाच्या लेखात तो कोणी काढत नाही, पण हात मोडल्यावर घरात पहिला विषय तोच निघतो. आरोग्यविम्याच्या पॉलिसीत काय भरपाईतून वगळायचे याची प्रमाणित कलमे विमा नियामकाने ठरवून दिली आहेत. त्यांतले नववे धोकादायक किंवा साहसी खेळांचे. व्यावसायिक म्हणून अशा खेळात भाग घेताना झालेल्या इजेचा खर्च कंपनी देणार नाही, असे ते कलम सांगते. उदाहरणे दिली आहेत: प्रस्तरारोहण, गिर्यारोहण, राफ्टिंग, मोटारशर्यत, घोड्यांची शर्यत वगैरे. सायकलीचे नाव नाही. पण यादी ‘एवढ्यापुरती मर्यादित नाही’ असेही शब्द आहेत. आता बोरिवलीचा एक एकोणीस वर्षांचा मुलगा. त्याने कुठल्याशा स्पर्धेत पाच हजारांचे बक्षीस घेतले. तो व्यावसायिक झाला का? एका दुकानाने त्याला फुकट टायर दिले आणि बदल्यात अंगावरच्या बनियनवर नाव छापले. आता झाला का? उत्तर देणारा माणूस दाव्याच्या टेबलापलीकडे बसलेला असतो, आणि त्याला ‘नाही’ म्हणण्याची सवय असते. अपघातविम्यात तर कसल्याही शर्यतीत भाग घेणे वगळलेले असण्याची शक्यता बरीच. कर्जाच्या व्यवहारात तारण नसले तर निदान जामीनदार तरी मागतात. या मुलाच्या मागे तारणही नाही, जामीनदारही नाही. बापाची बचत, एवढाच त्याचा विमा. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले, संयोजकांना नोंदणी आणि सुरक्षेची बंधने घातली. चांगले झाले. पण ते पर्यटनासाठी आहे. रोज संध्याकाळी सराव करू पाहणारा मुलगा पर्यटक नाही.

आता गोराई. गोराई म्हणजे खरे तर दोन गावे. खाडीपलीकडचे मूळ गोराई, कोळी आणि ईस्ट इंडियन लोकांचे. आणि अलीकडे, बोरिवली पश्चिमेला, जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ नंतर उभी राहिलेली गोराई वसाहत. चारकोप, मालवणीसारखीच. छोटे भूखंड पाडायचे, रस्ता-पाणी-गटार द्यायचे, घर ज्याने त्याने बांधायचे. गिरणीतले, बेस्टमधले, नगरपालिकेतले, बँकांतले कारकून आणि शिपाई इथे पोटाला चिमटा काढून राहायला आले. त्यांच्यात एक शब्द रोजचा होता: डम्पिंग. वारा कुठून वाहतो यावर खिडकी उघडी की बंद ते ठरे. डम्पिंगकडे तोंड असलेल्या खोलीचा भाव वेगळा, पाठ असलेल्या खोलीचा वेगळा. हे मूल्यांकनाच्या अहवालात लिहिले जात नसे. घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला माहीत असे.

१९७२ पासून खाडीच्या काठी मुंबईचा कचरा इथे पडत होता. सुमारे १९.६ हेक्टर जागेवर २३ लाख टनांहून अधिक कचरा साठला, आणि सरासरी २६ मीटर उंचीची टेकडी झाली. रहिवाशांनी दाद मागितली, न्यायालयाचे आदेश झाले, आणि २००७ मध्ये कचरा टाकणे थांबले. पुढच्या दोन वर्षांत टेकडीला आकार दिला गेला, तिच्यावर अभेद्य आवरण घातले गेले, आवरणावर माती आणि गवत आले, खाडीच्या बाजूने भिंत घालण्यात आली, आत साचणारा मिथेन वायू बाहेर काढण्यासाठी विहिरी बसवल्या. या वायूच्या बदल्यात मिळणाऱ्या कार्बन-हक्कांपोटी आशियाई विकास बँकेच्या निधीतून महापालिकेला आगाऊ रक्कमही मिळाली. कचऱ्यावर उचल देणारी बँक, हे मला त्या वेळी मोठे नवल वाटले होते! मालाडला चिंचोली बंदरचे डम्पिंग बंद झाल्यावर त्या परिसरात काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. गोराईत निदान टेकडी राहिली.

ही टेकडी उपनगरांतला असा एकमेव उतार असावा की ज्याचा मालक निर्विवाद आहे, ज्यावर घर नाही, ज्यात बिबट्या नाही, आणि ज्यावर घर बांधता येणारही नाही. इथे सायकलींसाठी वाट करावी, असे मला वाटते.

हिशेब आधी मांडतो, म्हणजे कोणी हवेत जायला नको. फोर्ट विल्यमचा उतार ५५५ मीटर, गोराईचा २६. दर दहा मीटरला एक मीटर उतार धरला तर वाट होते अडीचशे-तीनशे मीटरची. नागमोडी केली तर थोडी अधिक. चांगला स्पर्धक अर्ध्या मिनिटात खाली येईल. यावर राष्ट्रीय स्पर्धा होणार नाही, आशियाई तर नाहीच. पण पोहायला शिकण्यासाठी इंग्लिश खाडी लागत नाही. वळण कसे घ्यावे, उडी मारल्यावर कुठले चाक आधी टेकवावे, पुढचा आणि मागचा ब्रेक किती प्रमाणात दाबावा, हे तीनशे मीटरवर दिवसातून वीस वेळा गिरवता येते. आज मुंबईच्या मुलाला ते गिरवण्यासाठी रविवार काढून, गाडी भाड्याने घेऊन पुणे-कामशेतकडे जावे लागते. महिन्यातून एकदा गिरवलेले अक्षर वळणदार कसे होणार?

असे कुठे झाले आहे का? झाले आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात सीडर रॅपिड्स नावाचे शहर आहे. तिथे नदीकाठी शहराच्या जुन्या कचऱ्याचा डोंगर आहे. २००८ च्या महापुरात वाहून गेलेल्या घरांचा मलबाही त्यातच पुरला. २०१८ मध्ये त्यांनी त्यावर पायवाटा केल्या, आणि त्यांत वरून खाली येण्याची, केवळ सायकलींसाठी राखलेली एक वाट ठेवली. कचऱ्यातला वायू काढण्याची व्यवस्था असताना हे केले. त्यांचा डोंगर आपल्यापेक्षा उंच आहे, त्यांचा पाऊस आपल्यासारखा नाही, हे मान्य.

आक्षेप अनेक आहेत, आणि सगळे खोटे नाहीत. आवरणाला भोक पडले तर पावसाचे पाणी आत शिरेल, काळे पाणी खाडीत उतरेल, आणि खाडीवर पोट असलेल्या माणसाच्या जाळ्यात ते येईल. म्हणून तिथे एक फूटही खोदता कामा नये. वाट आवरणाच्या वर बाहेरून माती आणून रचावी लागेल. माती कुठून आणायची? बोरिवलीहून ठाण्याला राष्ट्रीय उद्यानाखालून जाणाऱ्या जुळ्या बोगद्याचे काम हाती घेतलेले आहे. त्यातून निघणारा मुरूम-दगड कुठे तरी न्यावाच लागणार आहे. मात्र वरचे वजन वाढले तर कचरा किती खचेल, हे इंजिनिअरने सांगायचे, कादंबरीकाराने नव्हे. पावसाळ्याचे चार महिने वाट बंद ठेवावी लागेल. वायूच्या विहिरींभोवती कुंपण लागेल, आणि आपल्या लोकांची सवय पाहता विडी-सिगरेटसाठी झडतीही लागेल.

मला अधिक भीती वेगळीच वाटते. पालिकेने हे मनावर घेतलेच, तर निविदा निघेल, एखादी करमणूक कंपनी तीस वर्षांच्या कराराने जागा घेईल, दारात तिकीटखिडकी बसेल, आणि आत सायकलवाट सोडून बाकी सर्व असेल. गोराईला याचा अनुभव नाही असे नाही. खाडीपलीकडे १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड आले तेव्हा भीती तिकीट काढून विकत मिळू लागली. कमरेला पट्टा बांधायचा, किंचाळायचे, आणि दोन मिनिटांनी सुखरूप उतरायचे. त्यालाही माझी हरकत नाही. माझ्या घरातली मुलेही त्या बोटीत बसून गेली आहेत. पण पाळण्यातली भीती पाळणेवाल्याच्या हातात असते. उतारावरची भीती मुलाच्या बोटांत, ब्रेकच्या दांड्यावर असते, आणि ती हाताळायला शिकणे हाच तो खेळ आहे. पुढे याच धारावी बेटावर विशेष आर्थिक क्षेत्राचा घाट घातला गेला तेव्हा गोराई-मनोरी-उत्तनच्या गावकऱ्यांनी तो हाणून पाडला. त्यांना विचारल्याशिवाय खाडीच्या अलीकडेही काही करू नये, कारण गळती झाली तर तिचा हप्ता तेच भरतील.

आणि सायकल कोणाची? लाखाची सायकल गाडीच्या टपावर बांधून लोखंडवालाहून येणाऱ्यांसाठी ही टेकडी नको. गोराई-चारकोपच्या महापालिका शाळांतल्या मुलांना आठवड्याचे दोन दिवस राखून ठेवावेत, पालिकेने पंधरा-वीस साध्या, दणकट सायकली आणि हेल्मेटे घ्यावीत, आणि एका माणसाला पगारावर ठेवावे. एका चौकातल्या सुशोभीकरणाला जेवढा खर्च येतो, त्याहून हा फार होणार नाही. अपघाताचा सामूहिक विमा पालिकेच्या नावे, खेळाचे नाव स्पष्ट लिहून काढावा, म्हणजे नवव्या कलमाचा अर्थ लावत कोणाच्या बापाला टेबलापुढे उभे राहावे लागणार नाही. संगमनेरसारख्या तालुक्याच्या गावातून प्रणिता सोमणसारखी मुलगी माउंटन बाइकच्या क्रॉस-कंट्री प्रकारात राष्ट्रीय पातळीवर जाते, तिथे मोकळे रान हेच तिचे पहिले मैदान असते. आमच्या वसाहतीतल्या मुलीला रान नाही. तिला ही २६ मीटरची टेकडी आहे, आणि ती कुंपणापलीकडे आहे.

सुरुवात करायला निविदा लागत नाही, आकडे लागतात. आवरण घातल्यापासून टेकडी किती खचली, आज तिच्यातून किती वायू निघतो, आणि आवरणावर मातीचा थर कुठे किती जाड आहे, हे तीन आकडे. ते महापालिकेच्या घनकचरा खात्यात असले पाहिजेत. गोराई वसाहतीतल्या कोणत्याही सोसायटीच्या चिटणीसाला माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये भरून ते मागता येतात.